‘बाबा पोहोचतील ना?’

प्रश्न : ताई, माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, आठवीत शिकते. आम्ही पंचवटीत राहतो. तिचे बाबा चाकणला कंपनीत आहेत. शनिवारी घरी येतात आणि रविवारी रात्री अकराच्या स्लीपर बसनं इथल्या द्वारका चौकातून परत जातात. चार वर्षं हेच चालू आहे, तिला कधी काही वाटलं नव्हतं.

२०२५ च्या भाऊबीजेला आम्ही सिन्नरला माझ्या भावाकडे होतो. दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, कर्नूलजवळ हैदराबादहून बंगळुरूला जाणारी बस जळाल्याची बातमी आली. भाच्याच्या मोबाइलवर व्हिडिओ होता, पोरांनी तो घोळका करून चार-पाच वेळा पाहिला. त्याच्या दहाच दिवस आधी जैसलमेरलाही बस जळाली होती. मग हिनं स्वतःच शोधून २०२२ ची आपल्या नाशिकची बातमी काढली. आता तिची क्लासची रिक्षा मिर्ची हॉटेलच्या चौकातून जाते तेव्हा ती डोळे मिटून घेते.

रविवारी दुपारपासून तिचं पोट दुखतं. रात्री बाबांचं लाइव्ह लोकेशन बघत बसते, ते चाकणला उतरेपर्यंत, म्हणजे साडेतीनपर्यंत. तीन सोमवार शाळा बुडाली. ‘बाबा पोहोचतील ना?’ हे एका रात्रीत पंधरा वेळा विचारते. मी प्रत्येक वेळी ‘हो गं, काही होत नाही’ म्हणते. सासूबाई म्हणतात, अभद्र बोलू नये. हे तिला घाबरट म्हणतात. मी घरात पेपर आणि बातम्यांचे चॅनेल बंद केले. मागच्या पंधरवड्यात तर यांनी ‘आज मित्राच्या गाडीनं जातोय’ असं सांगितलं आणि तिनं यांच्या फोनवर बसच्या तिकिटाचा मेसेज पाहिला. तेव्हापासून ती यांच्याशी नीट बोलत नाही आणि मला सारखं विचारते, ‘तू तरी खरं सांगतेस ना?’ काय करू?
— एक आई, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्राच्या शेवटापासून सुरुवात करते, कारण माझ्या मते गाठ तिथेच बसली आहे. बसची भीती तिला होतीच. आता ‘घरचे मला खरं सांगत नाहीत’ ही दुसरी भीती तिच्या मागे लागली आहे, आणि ती तुम्ही दोघांनी मायेपोटी लावली आहे. स्पष्ट लिहिते, राग मानू नका. येत्या शनिवारी बाबांनी तिच्याजवळ बसून म्हणावं, ‘त्या दिवशी मी खोटं बोललो. तू रडशील म्हणून बोललो. पुन्हा बोलणार नाही.’ एवढंच. त्याला ‘पण तूसुद्धा किती घाबरतेस’ अशी शेपटी जोडू नये.

हे मी माझी चूक आठवून सांगते आहे. एप्रिल २०२१ मध्ये आपल्या शहरात लोक ऑक्सिजनसाठी वणवण फिरत होते. तेव्हा शाळेतल्या एका मुलाशी मी रोज फोनवर बोलायचे. त्याचे आजोबा रुग्णालयात होते. ‘आजोबा घरी येतील ना?’ त्यानं विचारलं आणि मी म्हणाले, ‘नक्की येतील.’ ते आले नाहीत. शाळा उघडल्यावर तो मुलगा मी दिसले की जिन्यावरून मागे फिरायचा. दहावी होऊन गेला, माझ्याशी पुन्हा बोलला नाही. त्याचा प्रश्न मला ऐकवत नव्हता, म्हणून मी ते ‘नक्की’ उच्चारलं होतं. ज्या गोष्टीची हमी आपल्या हातात नाही, ती मी तेव्हापासून कुठल्याही मुलाला देत नाही.

तुमचं ‘काही होत नाही’ तिला का पटत नाही, ते बघा. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली बस त्या चौकात ट्रकवर आदळली, पेटली आणि बारा माणसं गेली. हे तिनं वाचलंय. जिथे घडलं तिथून ती क्लासला जाते. अशा मुलीला ‘काही होत नाही’ म्हटलं, की तिला एकच अर्थ लागतो : आईला माहीत नाही, किंवा आई लपवते आहे. दोन्ही अर्थांनी ती एकटी पडते आणि मग पहारा द्यायला फोन घेऊन बसते.

मी बारा वर्षांची असेन. पंचवटीतच वाढले. पावसाळ्यात मोठी माणसं पानशेतच्या गोष्टी काढायची. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं. माझ्या मावशीचं घर तेव्हा तिथे होतं, त्यामुळे आमच्याकडे ती गोष्ट रंगवून सांगितली जायची. पानशेत मातीचं धरण होतं आणि आपल्या शहराच्या वरच्या अंगाला गोदावरीवर असलेलं गंगापूर धरणही मातीचंच, हे मी कुठूनतरी ऐकलं आणि माझी झोप उडाली. पावसाचा जोर वाढला की मी दप्तर उशाशी घेऊन, चपला घालून अंथरुणावर बसायची. आजी ओरडायची, ‘शुभ बोल.’ माझ्या आईनं वेगळं केलं. एका सकाळी तिनं मला छत्रीत घेतलं आणि गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीपाशी आणलं. नदीतल्या या उंच मूर्तीच्या अंगावर पाणी कुठवर चढलंय, त्यावरून नाशिककर पूर मोजतात. ‘पाणी कुठवर आहे?’ ‘गुडघ्याच्या खाली.’ ‘मग आज बाजारपेठेतली माणसं काय करतायत?’ दुकानं उघडी होती. ती म्हणाली, ‘कमरेपर्यंत आलं की खालचे दुकानदार माल हलवायला लागतात. आपलं घर वर आहे. छातीपर्यंत आलं तर आपण काय करायचं, ते चल, ठरवू.’ आणि खरंच ठरवलं : कागदपत्रांची पत्र्याची पेटी कोण उचलणार, आजीला कोण धरणार, कुणाच्या घरी जायचं. पेटी माझ्याकडे आली. धरण फुटणार नाही असं आई एकदाही म्हणाली नाही, आणि मी त्या रात्री झोपले.

तुमच्या लेकीला तिचा दुतोंड्या मारुती दाखवा. म्हणजे बस दाखवा. एखाद्या रविवारी दिवसाउजेडी बाबांनी तिला ठक्कर बाजारच्या स्टँडवर न्यावं. गाडी लागलेली असेल तर कंडक्टरला विचारून आत चढावं. लहानपणी आपण सगळ्यांनी लाल डब्यात ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ ही पाटी वाचली आहे. तो दरवाजा कुठे आहे, त्याची कडी कशी फिरते, बंद काचेची गाडी असेल तर काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, आग विझवायचं नळकांडं कुठे आहे, हे तिनं शोधावं. खासगी स्लीपर असेल तर तिथलंही बघावं : मधली वाट किती अरुंद आहे, मागच्या दारासमोर सामान रचलंय का, पडदे आणि गाद्या कशाच्या आहेत. अशा गाड्यांमध्ये माणसं जळण्याआधी धुरानं गुदमरतात, म्हणून बाहेर पडायची वाट आधी माहीत असणं महत्त्वाचं, हे तिला सांगायला हरकत नाही. तेरा वर्षांची मुलगी हे पेलू शकते. तिनं बाबांसाठी एक कागद करावा : बसल्याबरोबर काय तपासायचं आणि ११२ कधी फिरवायचा. बाबांनी तो खिशात ठेवावा आणि खरोखर वापरावा. ‘घाबरट’ म्हणणं त्या दिवसापासून बंद व्हायला हवं.

आता रात्रीच्या प्रवासाबद्दल. इथे मी जरा थांबले, दोनदा विचार केला. मुलाच्या भीतीपायी घराचं वेळापत्रक बदललं की भीतीचं बळ वाढतं, हे मी नेहमी पालकांना सांगते. पण नाशिकची बस, कर्नूलची बस आणि १ जुलै २०२३ ला बुलढाण्याजवळ समृद्धी महामार्गावर जळालेली बस, हे तिन्ही अपघात मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे झाले, जेव्हा चालकाच्या डोळ्यांवर झापड येते. तेव्हा तुमची लेक भलतंसलतं काही म्हणत नाहीये. जमत असेल तर त्यांनी रविवारी दुपारी चारची एसटी धरावी, म्हणजे जेवणाच्या वेळेपर्यंत चाकणला पोहोचतील. पण हा निर्णय तुम्ही दोघांनी मोठी माणसं म्हणून घ्या आणि तिला तसा सांगा : ‘रात्रीपेक्षा दिवसाचा प्रवास बरा, असं आम्हाला वाटतं.’ ती रडली म्हणून बदललं, असं तिला वाटू देऊ नका. आणि जमत नसेल तर तेही सरळ सांगा.

लाइव्ह लोकेशन बंद करा. नकाशावरचा निळा ठिपका संगमनेरच्या अलीकडे पाच मिनिटं हलला नाही, की तिच्या छातीत जे होतं ते बाबांना कळतही नाही, ते तिकडे झोपलेले असतात. रेंज गेली की ठिपका थांबतो, सिग्नलला गाडी थांबली की ठिपका थांबतो, आणि प्रत्येक वेळी तिच्या डोक्यात पुन्हा एक बस जळते. त्याऐवजी मेसेज ठरवा. सुरुवातीला तीन : गाडी निघाली, आळेफाट्याला चहा घेतला, चाकणला उतरलो. दोन-तीन आठवड्यांनी आळेफाटा गाळा. रात्रीचाच प्रवास राहिला, तर मेसेज तुमच्या फोनवर येऊ द्या. तिनं दहाला फोन बाहेरच्या खोलीत ठेवून झोपायचं आणि सकाळी उठल्यावर मेसेज वाचायचा. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. साडेतीनपर्यंत जागलेल्या मेंदूला सोमवारी सगळंच भयाण दिसणार आणि पोटही दुखणार. ते दुखणं खरं असतं, नाटक नसतं.

आणि ते पंधरा वेळा विचारणं. पहिल्यांदा विचारेल तेव्हा नीट, जवळ घेऊन उत्तर द्या : ‘पोहोचतील असं मला वाटतं. आजवर दर वेळी पोहोचले आहेत. पण शंभर टक्के मी सांगू शकत नाही, आणि हे असं न कळणं मलाही जड जातं.’ दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणा, ‘याचं उत्तर मी दिलंय, तुला आठवतंय. आत्ता भीती विचारतेय.’ मग उत्तर पुन्हा देऊ नका, पण उठूनही जाऊ नका. शेजारी बसा. भाजी निवडायला घ्या, तिलाही द्या. प्रत्येक ‘हो गं’मुळे तिला दोन मिनिटं बरं वाटतं आणि तिसऱ्या मिनिटाला ते बरं वाटणं संपतं, म्हणून ती पुन्हा येते. पहिले दोन रविवार ती चिडेल, कदाचित तुम्हाला दुष्टही म्हणेल. तेवढं सोसा.

सोमवार ते शनिवार संध्याकाळी दिवे लागले की पंधरा मिनिटं काळजीची वही उघडा. मनात येईल ते तिनं लिहावं, बोलावं, तुम्ही ऐकावं. घड्याळ लावा. एरवी काळजी आली तर ‘वहीत सांग’ एवढंच म्हणा. झोपायच्या वेळी ही वही मुळीच नको. याच वहीत एकदा तिला बाबांच्या फेऱ्या मोजायला सांगा : चार वर्षं, वर्षाचे सुमारे पन्नास आठवडे, जाऊन-येऊन. चारशेच्या घरात आकडा जाईल. हे गणित दिवसा करावं, रात्री अकराला भीतीला गणित समजत नाही. आमोस त्वेर्स्की आणि डॅनिएल कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ सालीच मांडलं होतं, की जे चटकन आठवतं ते वारंवार घडतं असं आपल्याला वाटतं. चारशे वेळा बाबा सुखरूप उतरले, त्याचा व्हिडिओ कुणी काढला नाही. जळणाऱ्या बसचा एकच व्हिडिओ तिनं पाच वेळा पाहिला, आणि मनात त्या पाच बसेस झाल्या.

तेव्हा व्हिडिओ नकोच, यावर मी ठाम आहे. भावाच्या मुलांशीही बोला. पण पेपर मात्र पुन्हा सुरू करा. तुम्ही बंद केल्यामुळे ती बातम्या एकटीनं, फोनमध्ये, नको त्या रूपात शोधते आहे. सकाळी चहाबरोबर दोघींनी मिळून एक पान वाचा. छापलेली बातमी आपोआप पुढची लावत नाही.

छातीत धडधड सुरू झाली तर श्वास आत घेताना चार आकडे आणि सोडताना सहा किंवा आठ मोजायला शिकवा. सोडलेला श्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. हे मंगळवारी-बुधवारी, ती शांत असताना शिकवा, रविवारी रात्री ऐनवेळी नाही.

सोमवारची शाळा चुकवू नका. पोट दुखत असेल तर उशिरा जाऊ दे, पण जाऊ दे. रिक्षात तिला डोळे उघडायची सक्ती नको. एका सुट्टीच्या सकाळी तुम्ही दोघी त्या चौकापर्यंत जा, बाजूला उभ्या राहा, हवं तर हात जोडा. तिला रडू आलं तर येऊ दे. तिथे बारा माणसं गेली आहेत, त्यांच्यासाठी रडण्यात काही अभद्र नाही. सासूबाईंनाही न्या, असं मला वाटतं. त्यांच्या मनातही काहीतरी असणार.

मग हळूहळू प्रवास. आधी तुमच्याबरोबर त्र्यंबकेश्वरला एसटीनं, दिवसा, तासाभराची वाट. मग सिन्नरला मामाकडे.

महिनाभर हे नेटानं करूनही झोप, जेवण, शाळा रुळावर आली नाही, अचानक दम लागून हातपाय थरथरू लागले, किंवा ती ‘मला जगायचंच नाही’ असं काही बोलली, तर वाट पाहू नका. अशा बोलण्याला तर एक दिवसही नाही. बालमानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही क्रमांक तिच्या वहीच्या पहिल्या पानावर तिनं स्वतः लिहावेत.

मला पुन्हा लिहा. त्र्यंबकच्या गाडीत ती कुठल्या सीटवर बसली आणि संकटकाळचा दरवाजा तिला सापडला का, ते नक्की कळवा. तिला स्वतः लिहावंसं वाटलं तर तिचं पत्र मी आधी उघडेन.