आधी दार, मग आवाज

प्रश्न: नमस्कार ताई. माझी दोन आसनांची, कापडी टपाची स्पोर्ट्स गाडी आहे. चार सिलिंडर, सहा गिअर. उभी असताना गाणं छान वाजतं. वेग 100 च्या पुढे गेला की तबल्यातला डग्गा गायब होतो आणि चाट तेवढी टिकटिकत राहते. आवाज वाढवावा तर गायक चिरकायला लागतो. दारांत साडेसहा इंची स्पीकर आहेत, ते काढून भारीतले घ्यावेत आणि सीटमागे एक सबवूफर (फक्त खर्जाचा स्पीकर) टाकावा असा विचार आहे. मित्र म्हणतो, कंपनीची सगळी यंत्रणाच उपटून टाक. सामानाची जागा आधीच वीतभर, ती घालवायची नाही. वजनही फार वाढवायचं नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: तुमचा डग्गा गायब झालेला नाही, झाकला गेलाय. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा स्फोट होतो. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला 3000 वर असेल तर सेकंदाला 50 फेरे आणि 100 स्फोट. म्हणजे सायलेन्सर तुमच्या पाठीमागे अखंड 100 हर्ट्झचा सूर धरून बसलेला असतो, आणि डग्ग्याचं वजन असतं ते नेमकं त्याच परिसरात. वरून टायरची घरघर आणि टपावरचा वारा. अशा वेळी महागडे स्पीकर घेणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

एक परीक्षा करा, फुकट आहे. शेजारच्या सीटवर बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी चालवायला द्या. एकाच वेगाला गाडी आधी सहाव्यात आणि मग पाचव्यात चालवायला सांगा. गिअर बदलल्यावर डग्गा थोडा वर आला किंवा आणखी बुडाला, तर दोष सायलेन्सरच्या घुमण्याचा आहे. काहीच फरक पडला नाही तर टायर आणि वारा. दोन्हींवरचे उपाय वेगळे, पण माझ्याकडे आलेल्या बहुतेक गाड्यांमध्ये तिसराच एक चोर निघाला, तो म्हणजे दार.

दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर मधोमध बोटाच्या पेराने टकटक करा. रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखं ‘टण्ण’ वाजलं की समजायचं, आपण स्पीकर डब्यात बसवलाय. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तेवढीच ओढतो. दाराच्या आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोकं असतात. त्यांतून मागची हवा पुढे येते आणि खर्जातले सूर एकमेकांना खाऊन टाकतात. उरलेल्या कंपनांनी पत्रा स्वतःच गायला लागतो, तेही बेसूर.

म्हणून काम दारापासून. आतलं पॅनेल उतरवा. ब्यूटाइल रबराचे, वरून ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेले चिकट तक्ते मिळतात. पत्रा अल्कोहोलने पुसून बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला ते चिकटवा आणि छोट्या रोलरने दाबत जा, पापुद्र्यावरची नक्षी सपाट होईपर्यंत. मनगट दुखेल, दुखू द्या. नुसतं हाताने दाबलेलं रबर उन्हात गाडी तापली की सुटतं. पत्रा पूर्ण मढवायची गरज नाही, पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी ‘टण्ण’चं ‘ठप्प’ होतं. नंतर आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करायची. दोन्ही दारांत मिळून साधारण एक चौरस मीटर माल जातो. दोन मिलिमीटर जाडीचा घेतलात तर तीन-साडेतीन किलो वजन वाढेल. तेवढं तुम्हाला चालेल असं धरते.

आता दोन सावधगिऱ्या. दाराच्या तळाशी पाण्याच्या निचऱ्याची भोकं असतात, त्यांना हात लावायचा नाही. काचेवरून ओघळलेलं पाणी दारात उतरतंच, ते तिथूनच बाहेर पडतं. धंद्यातल्या माझ्या पहिल्या वर्षी मी एका दाराचा तळ इतका नेटका मढवला की स्वतःवरच खूश झाले. पावसानंतर गाडी परत आली, तर मालक काही बोलेना. त्याने मला शेजारी बसवलं, थोडं पुढे जाऊन ब्रेक दाबला, आणि दारातून ‘चुळुक’ आवाज आला. मी आतून रबर खरवडून भोक मोकळं केलं तेव्हा पायावर धार पडली. दुसरी गोष्ट याहून गंभीर. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये बाजूच्या एअरबॅगसाठी दाराच्या पोकळीतला दाब मोजणारा सेन्सर असतो. धडक बसली की दारातली हवा एकदम दाबली जाते आणि त्यावरून तो ओळखतो. तुमच्या गाडीत तो आहे का, आणि दार बंदिस्त केलेलं चालतं का, हे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय रबराचा तुकडाही कापू नका. बॅटरी सोडवून थोडा वेळ जाऊ द्या, मगच पॅनेल काढा, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांच्या वाटेला जाऊ नका.

स्पीकर बदलायचे असतील तर आता बदला. खोली मात्र आधी मोजा, काच पूर्ण खाली असताना. चुंबक काचेला घासणारे स्पीकर मी कितीतरी वेळा परत पाठवलेत. निओडिमियम चुंबकाचे स्पीकर हलके आणि उथळ असतात, तुमच्या गाडीला तेच बरे. स्पीकरखाली लावायची कडी एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) नको, ओलीने फुगते; प्लास्टिकची घ्या. दारातल्या स्पीकरांना 80 हर्ट्झच्या खालचं काम देऊच नका, हाय-पास, म्हणजे खालचे सूर अडवणारी चाळणी, लावून ते तोडा. तुमचा गायक चिरकतो याचं एक कारण हेच असणार: बिचारा स्पीकर एकाच वेळी खर्जही ओढतोय आणि गळाही सांभाळतोय. दुसरं कारण, हेड युनिटचा, म्हणजे डॅशबोर्डवरच्या मुख्य स्टीरिओचा, आवाजाला जोर देणारा छोटा ॲम्प आपल्या शक्तीच्या टोकाला पोचलाय.

मित्राचा ‘उपटून टाक’ हा सल्ला ऐकू नका. हल्ली कंपनीच्या यंत्रणेतून फक्त गाणं येत नाही. पार्किंगची टिकटिक, सीटबेल्टची घंटी, काही गाड्यांमध्ये तर इंजिनाचा वाढवलेला गुरगुराटसुद्धा स्पीकरांतूनच येतो. ते सगळं तिथेच राहू दे, आणि त्याच्यापुढे एक डीएसपी जोडा, म्हणजे प्रत्येक स्पीकरचे सूर आणि वेळ वेगवेगळी जुळवणारा डिजिटल डबा. मला विचाराल तर पैसे थोडेच असतील तेव्हा ते स्पीकरपेक्षा डीएसपीवर घालवावेत, आणि हे मी दोन आसनांच्या गाडीबद्दल जास्तच ठासून सांगते. तुम्ही एका दाराला जवळजवळ चिकटून बसता. जवळचा स्पीकर कानापासून 80 सेंटिमीटर, लांबचा 135. फरक 55 सेंटिमीटरचा. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे लांबचा स्पीकर 1.6 मिलिसेकंद उशिरा पोचतो. ऐकायला हे नगण्य वाटतं, पण तेवढ्याने गायक काचेसमोर उभा न राहता तुमच्या गुडघ्यात येऊन बसतो. मोजपट्टी घ्या, कानापासून प्रत्येक स्पीकरपर्यंतचं अंतर मोजा आणि जवळच्याला तेवढा उशीर द्या. शेजारी बसणाऱ्याचं गाणं थोडं बिघडेल. त्याच्याशी ते तुम्ही आपसांत मिटवा.

जुळवणी करायला माझ्याकडे एकच रेकॉर्डिंग असतं: काळी एकमध्ये लावलेला पुरुषी तंबोरा. जोडीच्या तारा 139 हर्ट्झच्या आसपास, खर्जाची तार त्याच्या निम्म्याला, 69 च्या जवळ. तंबोऱ्यात ठेका नाही, शब्द नाहीत, त्यामुळे कानाची फसवणूक होत नाही. खर्ज छेडल्यावर दाराचं हँडल किंवा काचेची पट्टी किणकिणली तर तिथे नेमकं बोट ठेवता येतं. चारही तारांचा गुंजारव समोर, मधोमध, एकाच जागी ऐकू येईपर्यंत मी आकडे हलवत राहते.

सबवूफर हवाच, पण ‘नाकापेक्षा मोती जड’ होऊ देऊ नका. लहान केबिन इथे तुमच्या बाजूने आहे. केबिनची लांबी दोनेक मीटर धरली तर साधारण 85 हर्ट्झच्या खालच्या लाटेची अर्धी लांबीसुद्धा आत मावत नाही. मग हवा लाटेसारखी धावण्याऐवजी सगळी एकदम दाबली जाते आणि खालचे सूर आपोआप उचलले जातात. त्यामुळे आठ इंची स्पीकर, बंद खोका, 10 ते 15 लिटर, एवढं तुम्हाला पुरेल. तो सीटमागे किंवा शेजारच्या पायांपाशी नीट आवळून बसवा. सुटा राहिला तर अपघातात तोच पहिला अंगावर येईल. मोठ्या कंपन्याही जागेसाठी हीच झटापट करतात: पोर्शे 911 च्या 991 पिढीत बुर्मेस्टर कंपनीच्या गाण्याच्या यंत्रणेचा सबवूफर थेट गाडीच्या सांगाड्यातच बसवला होता. उलट 1987 च्या फेरारी एफ40 मध्ये रेडिओच नव्हता, दार आतून उघडायला दोरी होती. कटकट मिटली.

टप उघडलात की हा सगळा हिशोब उलटतो. दाबायला बंद खोली उरत नाही, सबवूफर एकदम पोकळ वाटतो. म्हणून डीएसपीमध्ये दोन सेटिंग साठवा, एक टप बंदचं आणि एक उघड्याचं. उघड्यात खालचे सूर आणि गायकाचा पट्टा दोन्ही उचला. मोकळ्या हवेत अंतर निम्मं केलं की आवाज 6 डेसिबलने वाढतो, म्हणूनच माझ्दा एमएक्स-5 सारख्या उघड्या गाड्यांना डोक्यामागच्या उशीत स्पीकर मिळत आले. तुमच्या सीटमध्ये ते असतील तर काढू नका. त्यापुढे मात्र वाऱ्याशी स्पर्धा नको. टप उघडून वेगात जाताना नुसता वाराच 85 डेसिबलच्या वर जाऊ शकतो. कान बदलून मिळत नाहीत.

आणखी एक राहिलं. गाडीत कंपनीने आवाज मारणारी यंत्रणा दिलेली असेल, म्हणजे छतात छोटे मायक्रोफोन असतील, तर नव्या सबवूफरचा खर्ज त्यांना इंजिनाची घरघर वाटतो. ती यंत्रणा त्याला मारायला जाते आणि गाडी हंबरायला लागते. सबवूफर बिघडलाय म्हणून तो बदलू नका, आधी ती यंत्रणा बंद करून बघा.

प्रश्न: मी घेतलेल्या ॲम्पवर 1200 वॅट लिहिलंय. त्याला फ्यूज 30 अँपिअरचाच आहे. मोठा घालू का?

उत्तर: अजिबात नको. त्या फ्यूजनेच तुम्हाला खरं सांगितलंय. 30 गुणिले 14.4 व्होल्ट म्हणजे 432 वॅट, आणि तेही ॲम्पच्या आत जाणारे. क्लास-डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा ॲम्प त्यातला साधारण 80 टक्के बाहेर काढतो असं धरा, म्हणजे 345 च्या आसपास. बाकीचे वॅट खोक्यावर छापलेत, तिथेच राहतील. बघायचा तो आकडा आरएमएसचा, म्हणजे ॲम्प सतत देऊ शकतो त्या शक्तीचा.

त्यातही हळहळू नका. वॅट दुप्पट केले तरी आवाज 3 डेसिबलच वाढतो, जेमतेम कळेल इतका. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा तार बघा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार हातात उचलली की हलकी लागते आणि चाकूने खरवडली की आत पांढरी दिसते. तिच्यातून तेवढ्याच जाडीच्या तांब्याइतका प्रवाह जात नाही. बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत मुख्य फ्यूज हवाच. तो ॲम्पसाठी नसतो, तारेसाठी असतो. तार कुठे घासून बॉडीला टेकली तर आग तिथेच थांबावी म्हणून.

प्रश्न: नवा ॲम्प बसवल्यापासून स्पीकरमधून बारीक शिट्टी येते. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते. गाणं बंद असलं तरी येते. ज्याने बसवून दिलं तो म्हणतो, अर्थिंग नीट आहे.

उत्तर: इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी ऑल्टरनेटरची, म्हणजे गाडीत वीज बनवणाऱ्या यंत्राची. तो तीन फेजची वीज सपाट करून देतो, पण थोडी लहर उरते. हेड युनिट एका जागी अर्थ झालेलं आणि ॲम्प दुसऱ्या जागी, दोन्हींच्या विजेच्या दाबात किंचित फरक असला की ती लहर आरसीए तारेच्या (हेड युनिटकडून ॲम्पकडे गाणं नेणाऱ्या) जाळीतून ॲम्पमध्ये शिरते.

इंजिन चालू ठेवा, ॲम्प बंद करा, आरसीए तारा उपसा, ॲम्प परत चालू करा. शिट्टी गेली तर ती सिग्नलच्या वाटेने येत होती. राहिली तर ॲम्पच्या वीजपुरवठ्यात किंवा ॲम्पमध्येच दोष आहे. ॲम्पवरचा गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा खटका, उगीच वर ठेवला असेल तर तोही खाली आणा, हेड युनिटचा आवाज तीन-चतुर्थांश ठेवून.

आणि अर्थचा बोल्ट स्वतः उघडून बघा. मी एकदा तीन तास एका शिट्टीमागे होते. तारा बदलल्या, फिल्टर लावला, हेड युनिट बाहेर काढलं. शेवटी बोल्ट सैल करून वॉशर उचलला तर खाली गाडीचा रंग जसाच्या तसा, चकचकीत. तो लावला होता मीच. सँडपेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून ग्रीस लावा, नाहीतर गंज धरेल. एवढं करूनही शिट्टी राहिली तर परत लिहा, सोबत त्या बोल्टचा फोटो पाठवा. उघडलेल्या.