कोयीचं रोप की कलम?

प्रश्न : माझ्या पाच वर्षांच्या मुलीने गेल्या जूनमध्ये हापूसची कोय पिशवीत लावली. रोप आता दीड वीत झालंय. तिच्याबरोबर वाढणारं झाड म्हणून ते परसात लावायचं आहे. शेजारी म्हणतात, कोयीचं झाड लवकर फळत नाही, कलमच आणा. काय करावं?

उत्तर : हेच रोप लावा. कलम लवकर फळतं, कारण त्यात कोवळ्या रोपावर फळत्या झाडाची काडी जोडलेली असते. मूळ कोवळं, पण काडी वयात आलेली. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मोहोर येतो आणि झाडाने जोम धरावा यासाठी तीन-चार वर्षं तो खुडावा लागतो. कलमाला बालपणच नसतं. कोयीच्या झाडाला ते असतं. त्या काळात कितीही खत घाला, मोहोर येणार नाही. साधारण सात ते दहा वर्षं धरा, म्हणजे तुमची मुलगी तेव्हा बारा ते पंधरा वर्षांची असेल.

फळ हापूसचं येईल असं मात्र तिला सांगू नका. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून तयार झालेला असतो, त्यामुळे झाड आईसारखं हुबेहूब निघत नाही. येईल तो रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेला आंबा, त्याच्या स्वतःच्या चवीचा.

रोप पिशवीत फार दिवस ठेवू नका. सोटमूळ तळाला टेकलं की गोल फिरतं, पुढे तो वेढा तसाच जाड होतो आणि मोठं झाड वादळात कलंडतं. पाऊस लागला की दोन-अडीच फुटांचा खड्डा घ्या, मातीत दोन घमेली कुजलेलं शेणखत मिसळा. पिशवी ब्लेडने कापा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. वळलेलं मूळ दिसलं तर तेवढं कात्रीने छाटा. भिंतीपासून निदान वीस फूट लांब लावा.

आधाराच्या काठीला सुतळी सैल बांधा, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. वाऱ्याने हललं की खोड अधिक जाड होतं. घट्ट जखडलेलं रोप उंच जातं आणि काठी काढली की वाकतं. वर्षभराने काठी काढाच.

नवी पालवी आली की मुलीला जवळ नेऊन दाखवा. पानं तांबूस, मऊ, खाली लोंबणारी असतात. तीन-चार आठवड्यांत हिरवी आणि ताठ होतात. तोवर पाण्यात खंड नको.