ताईला विचारा : गोळ्या चालू आहेत, पण दिवसभर करायचं काय?

या महिन्यात तीन पत्रं घेतलीत, तिन्ही मनाच्या आजाराबद्दलची. नावं छापत नाही.

प्रश्न : ताई, माझा भाऊ ३१ वर्षांचा आहे. स्किझोफ्रेनिया आहे, चार वर्षं गोळ्या नीट चालू आहेत, भास आता होत नाहीत. आयटीआय झालंय, वायरमन ट्रेड. पण दिवसभर घरात बसून, मोबाईल नाहीतर झोप. आई म्हणते राहू दे आहे तसा, परत काही झालं तर? मला वाटतं त्याने काम करावं. कुठे नेऊ? आणि नोकरीत आजाराचं सांगायचं का? — एक बहीण, कराड

उत्तर : बाळा, आधी आईचं. त्यांनी ते दिवस बघितलेत, त्यांची भीती खरी आहे, त्यांच्याशी भांडू नकोस. पण हे बसून राहणं हासुद्धा आजाराचाच भाग असतो, उमेद आटते, बोलणं कमी होतं, घरचे त्याला आळस समजतात आणि टोचून बोलतात. भास गोळ्यांनी आटोक्यात येतात, पण ही बाजू गोळ्यांनी तेवढी सुटत नाही, तिला माणसं लागतात आणि रोजचं एक ठरलेलं काम लागतं.

माझ्या मामेभावाचं सांगते. हाच आजार. मामाच्या ओळखीच्या पिठाच्या गिरणीत त्याला बसवला, काम एवढंच की आलेल्या डब्यावर नावाची चिठ्ठी लावायची आणि दळण झालं की ज्याचा डबा त्याला द्यायचा. गोळ्यांनी हात थरथरायचे, अक्षर वाकडं यायचं, तोंड सारखं कोरडं म्हणून पाण्याची बाटली जवळ. सकाळी त्याला उठवायचंच नाही, रात्रीच्या गोळीची गुंगी दहा-अकरापर्यंत राहायची, म्हणून दुपारी चार ते सात अशी वेळ ठरवली. पहिल्या महिन्यात दोनदा डबे अदलाबदल झाले, गिरणीवाले काका ओरडले नाहीत, फक्त म्हणाले उद्यापासून चिठ्ठी मोठी लिही. सहा महिन्यांनी बायका त्याला नावाने हाक मारायला लागल्या. तो बरा झाला असं मी म्हणणार नाही, पण संध्याकाळी घरी येऊन तो आईला सांगायचा आज कोण आलं होतं, आणि त्या घरात दोन वर्षांनी कुणीतरी काहीतरी सांगत होतं.

तुझ्या भावाच्या हातात तर ट्रेड आहे! फक्त शिडीवर चढणं आणि चालू लाईनवर काम, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, गोळ्यांची गुंगी असू शकते. मोटर रिवाइंडिंगचं दुकान, मिक्सर-पंखे दुरुस्ती, असं बसून करायचं काम बघ, दिवसाला दोन तासांनी सुरुवात कर. झोप जास्त येत असेल तर गोळीची वेळ बदलता येते का ते डॉक्टरांना विचार, आपल्या मनाने बदलू नकोस.

दुसरं, गट. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करते, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे स्वमदत गट आहेत, म्हणजे हा आजार असलेली माणसं आणि त्यांच्या घरचे एकत्र बसून एकमेकांशी बोलतात. तिथे पेशंट म्हणत नाहीत, शुभार्थी म्हणतात, आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. आईला एकदा घेऊन जा, भावाच्या आधी आईला! दुसऱ्या आया भेटल्या की त्यांना जे समजेल ते तू किंवा मी सांगून समजणार नाही.

सांगायचं का? अख्ख्या दुकानाला कशाला, पण एका भरवशाच्या माणसाला माहीत असलेलं बरं, म्हणजे दर महिन्याला दवाखान्याची सुट्टी मागताना खोटं बोलावं लागत नाही. आणि दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट ही वेगळी गोष्ट. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणी होते, स्वतःची काळजी, लोकांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टी बघतात, दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं तर सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाला अर्ज करता येतो. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज ऑनलाईन होतो. पण ते घ्यायचं की नाही हे भावाने ठरवू दे, कार्डावर नाव त्याचं आहे.

प्रश्न : मी बचत गटाची अध्यक्ष आहे, बारावी झालेय. गटातल्या बायका रात्र रात्र झोपत नाहीत, एकीने औषध प्यायलं होतं, वाचली. मला काही ट्रेनिंग मिळेल का? ऑनलाईन तीन दिवसांत थेरपिस्टचं सर्टिफिकेट देतात ते करू का? — पेठ तालुका, नाशिक

उत्तर : ते तीन दिवसांचं अजिबात करू नका, पैसे जातील आणि लोक उगाच भरवसा ठेवतील. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला अनेक वर्षं शिकून आरसीआयकडे, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी करावी लागते.

पण डिग्रीशिवाय खूप काम होतं ताई, आणि ते तुमच्याच भागात झालंय. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने ‘आत्मीयता’ नावाचा प्रकल्प नाशिक जिल्ह्यातल्या गावांत चालवला, गावातल्याच लोकांना शिकवलं, कुणाचं काय चाललंय ते ओळखायचं, ऐकायचं, दवाखान्यात आणि सरकारी योजनेपर्यंत पोचवायचं. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने असेच साधे लोक समुपदेशक म्हणून तयार केले, प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डिप्रेशनच्या पेशंटना त्याचा फायदा झाला, तो अभ्यास २०१० साली छापून आला. त्या ट्रेनिंगमध्ये सगळ्यात अवघड काय असतं माहितीये? सल्ला न देणं. आपल्याला सवय असते ना, ‘अगं विसर ते, पोरांकडे बघ’.

तुम्ही सिव्हिलमधल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीमला गटाच्या लेटरहेडवर पत्र द्या, गावात येऊन माहिती द्या म्हणावं, आशाताईंना सोबत घ्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर गटाच्या पासबुकावर चिकटवा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. आणि ज्या ताई वाचल्या त्यांना घरचे पोलिसांची भीती घालत असतील तर सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणात होता असंच धरायचं, शिक्षेऐवजी उपचार आणि मदत द्यायची जबाबदारी सरकारवर आहे. त्यांच्याकडे या आठवड्यात जाच, फवारणीच्या औषधाचे डबे घरातून हलवून कुलपात ठेवायला सांगा, परत मरायचा विचार येतो का हे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही.

प्रश्न : शेजारच्या वहिनी बायपोलरसाठी, म्हणजे मन कधी खूप चढतं कधी खूप पडतं त्या आजारासाठी, ॲडमिट होत्या, परत आल्यात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलवू का? त्यांना त्रास तर नाही ना होणार? — डोंबिवली

उत्तर : बोलवा! आदल्या दिवशी स्वतः घरी जाऊन बोलवा, ग्रुपवरचा मेसेज पुरे नाही. गर्दी झेपेल का ते त्यांनाच विचारा, नाहीतर लवकर या म्हणावं. ‘आता कसं वाटतंय’ हे सगळ्यांसमोर नको. आणि खुर्चीत बसवून ठेवू नका, तिळगुळाची वाटी त्यांच्या हातात द्या.