आधी चपला मोज

प्रिय बेटा,

कामगार तपासणीसाठी बुटीबोरीसोबत भिवापूरही तुझ्याकडे आलं म्हणे. नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यातली कलमं तुला माझ्यापेक्षा पाठ असतील. मी फक्त मस्टरबद्दल, म्हणजे कामगारांच्या हजेरीपटाबद्दल लिहितो.

मस्टर आधी मागू नकोस. आधी दारातल्या चपला मोज. कळमन्याकडच्या एका गोदामात मला मस्टरवर नऊ नावं दाखवली. दारात सतरा जोड होते. नऊच का? दहावं नाव लागलं की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते, बाळंतपणाची भरपगारी रजाही द्यावी लागते.

ही रजा पहिल्या दोन अपत्यांपर्यंत 26 आठवडे. अट एवढीच, की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं हवं. म्हणून सत्तर-पंचाहत्तर दिवसांनी 'ब्रेक' देतात. बाईला वाटतं, झालं, आता पुन्हा एकापासून मोजणी. अगं, दिवस सलग हवेत असं कायदा म्हणतच नाही! मालक तोच असेल तर बेरीज कर. बँकेत पडलेला पगार, गेटपास, जे हाती लागेल ते धर. मीही नोकरीची पहिली काही वर्षं ही बेरीज केली नव्हती. किती जणींची रजा त्यात बुडाली असेल, कोण जाणे.

भिवापूरकडचे मिरचीचे सातरे, म्हणजे मिरचीचे देठ खुडायच्या जागा, मात्र अवघड. खुडायची मजुरी किलोमागे मिळते आणि वजन मायच्या नावावर चढतं. शेजारी बसलेलं पोरगं कुठल्याच कागदावर नसतं. विचारलं की माय म्हणते, "माह्यासंग आलं जी, काम नाही करत." मुकादम लगेच घरच्या धंद्याची सूट पुढे करेल. ती सूट कुटुंबाच्या स्वतःच्या धंद्यापुरती, तीही शाळा सुटल्यावरची. ठेकेदाराचा सातरा त्यात बसत नाही. बालकामगारांचा 1986 चा कायदा संहितांमध्ये विलीन झालेला नाही, तोच लाव. चौदाच्या आतलं मूल कामाला ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा 20 ते 50 हजार दंड, किंवा दोन्ही. मायवर मात्र ओरडू नकोस. पहिल्या वेळी आईबापाला शिक्षा नाही. वयाचा वाद निघाला तर शाळेचा दाखला काढ. मुकादमासमोर कोणाचाच जबाब घेऊ नकोस.

आणि सातऱ्यावर जाताना तोंडाला ओला रुमाल बांध. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ठसक्यानं एक प्रश्न धड विचारता आला नाही. बाया हसत होत्या, पोरंही.

तुझा,
जुना साहेब