सांबारवडी, कोथिंबीरवडी आणि गूगल

प्रश्न असा : 'मी नागपूरकडच्या पाककृती वेबसाइटवर लिहिते. सांबारवडीच्या लेखात कोथिंबीर, धणे, मसाला असे "एलएसआय कीवर्ड" पेरा, मग गूगल लेख वर आणेल, असं एकानं सांगितलं. एलएसआय म्हणजे समानार्थी शब्द का? आणि वडी, वड्या, वडीचं ही रूपं मुद्दाम वेगळी लिहावी लागतात का?'

आधी त्या भारदस्त नावाचं पाहू. एलएसआय, म्हणजे 'लेटंट सिमँटिक इंडेक्सिंग', ही पद्धत खरी आहे. बेलकोर या अमेरिकेतल्या दूरसंचार संशोधन संस्थेमधल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ती सविस्तर मांडली. कोणता शब्द कोणत्या मजकुरात किती वेळा येतो याचा भलामोठा तक्ता करायचा, गणितानं तो आटवायचा आणि त्यात जवळजवळ पडलेले शब्द नात्यातले समजायचे. 'एलएसआय कीवर्ड' मात्र एसईओवाल्यांच्या, म्हणजे पान शोधात वर आणून देणाऱ्यांच्या, बाजारात रुळलेला शब्द आहे. असं काही नसतंच, हे गूगलच्या जॉन म्यूलर यांनी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं. तरी त्याच्या याद्या विकणारे विकतातच.

आता नातं. भाषाशास्त्रज्ञ फर्थ यांनी १९५७ मध्ये म्हटलं होतं की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. आजच्या सर्च इंजिनांच्या मुळाशी हाच विचार आहे. पण संगत सारखी म्हणून अर्थ सारखा, असं होत नाही. 'चहा गरम आहे' आणि 'चहा थंड आहे' ही वाक्यं पाहा. गरम आणि थंड एकाच जागी बसतात, म्हणून संगतीच्या हिशेबात ते सख्खे शेजारी, आणि अर्थानं विरुद्ध. म्हणजे संबंधित शब्दांत समानार्थी येतात, विरुद्धार्थी येतात आणि नुसते सोबतीही येतात.

तुमची सांबारवडी तर याचं फार सुंदर उदाहरण आहे. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं सांबार वेगळं आणि जंगलातलं सांबर त्याहून वेगळं. शब्दाला शब्द ठेवणाऱ्या यंत्रानं 'सांबार = कोथिंबीर' एवढंच शिकून घेतलं, तर सांबारवडी शोधणाऱ्यापुढे ते कोथिंबीरवडी ठेवील, म्हणजे बेसनात कालवून, उकडून, कापून तळलेली. पदार्थच चुकला! सांबारवडीत पारी लाटतात, तिला चिंचेचा कोळ लावतात, आत सांबार, खोबरं, खसखस, तीळ, चारोळीचं सारण भरतात. तिचं खरं दुसरं नाव 'पुडाची वडी', आणि त्यात सांबाराचा उल्लेखही नाही. पारी, सारण, खसखस, सोबतची कढी ही मंडळी दोन्ही नावांभोवती दिसतात, त्यावरूनच यंत्राला ती एक असल्याचा अंदाज बांधता येतो.

हे काम संदर्भाशिवाय होत नाही. गूगलनं २०१० मध्ये सांगितलं होतं की समानार्थी शब्दांचा परिणाम ७० टक्के शोधांवर होतो. त्यांचंच उदाहरण 'जीएम'चं होतं : मोटारींच्या संदर्भात जनरल मोटर्स, पिकाच्या संदर्भात जनुकीय बदल केलेलं. पुढे बर्ट हे गूगलचं भाषा समजून घेणारं मॉडेल आलं. ते शब्दाच्या डावी-उजवीकडचं सगळं एकत्र पाहून अर्थ लावतं. डिसेंबर २०१९ मध्ये गूगलनं ते सत्तरहून अधिक भाषांतल्या शोधासाठी आणलं, त्यात मराठीही होती.

माझ्या मते मराठीत समानार्थी शब्दांपेक्षा सामान्यरूपं यंत्राला जास्त छळत असणार. इंग्रजीत शब्दाचं शेपूट, म्हणजे प्रत्यय, कापण्याचे नियम संगणकशास्त्रज्ञ मार्टिन पोर्टर यांनी १९८० मध्येच लिहून ठेवले आणि ते बऱ्यापैकी चालले. आपल्याकडे 'घरात'मधला 'आत' कापून 'घर' मिळवायला जावं, तर त्याच सुरीनं 'वरात' कापली की 'वर' उरतो आणि 'परात' कापली की 'पर'. शिवाय मूळ शब्दही जागचा हलतो : विहीर पण विहिरीत, मूल पण मुलाला. 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा तर एकच शब्द. नवी मॉडेलं व्याकरणाचा विग्रह करत बसत नाहीत. ती शब्दाचे वारंवार भेटणारे तुकडे पाडतात आणि त्यांच्या संगतीवरून शिकतात. तेव्हा वडी, वड्या, वडीचं अशी माळ ओवायची गरज नाही. नेहमीसारखं लिहिलंत की ती रूपं आपसूक येतात.

पेरणी तर नकोच. शब्द कोंबणं गूगलच्या नियमांत गैर धरलं जातं, आणि पानाच्या कोडातला कीवर्डचा टॅग क्रमवारीसाठी आपण पाहत नाही, हे गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलंय. तुम्ही एवढंच करा : पहिल्या परिच्छेदात 'सांबारवडी, म्हणजेच पुडाची वडी, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात' असं एक वाक्य लिहा. पुण्याच्या वाचकालाही त्याचा उपयोग होईल, फक्त यंत्रालाच नव्हे. आणि धणे सारणात पडत असतील तरच धणे लिहा.

एक न विचारलेली गोष्ट. 'पुऱ्या', 'कैऱ्या' यांतला ऱ्य युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतो : एक 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरून, दुसरा साध्या 'र'ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण तुमच्या पानावरचा शोध-डबा साधा असेल तर त्याला ते दोन निराळे शब्द वाटतील. दोन्ही तऱ्हांनी टंकून एकदा तपासा.