राजदरबारातील कारस्थाने आणि कणखर नायिका: १४ वर्षांच्या मुलीला वाचायला काय द्यावे?

आपण विचारले आहे की, आपली १४ वर्षांची मुलगी राजघराण्यांतील कटकारस्थानांच्या इंग्रजी अद्भुत कादंबऱ्या एकामागून एक वाचते आहे. त्यांतल्या चांगल्या कोणत्या, तिच्या वयाला पेलतील अशा कोणत्या, आणि हीच गोडी तिला मराठीतून कुठे मिळेल? दादरला आमच्या इमारतीतल्या मुलींबरोबर मी गेली काही वर्षे शनिवारी संध्याकाळी वाचायला बसते. या प्रकारची पुस्तके मी त्या मुलींच्या आग्रहामुळे वाचू लागले आणि आता स्वतःच्या आवडीने वाचते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पुस्तक निवडताना मी एकच कसोटी लावते. नायिकेच्या हातातली तलवार काढून घेतली, तर तिच्याजवळ काय उरते? मुखपृष्ठावर खंजीर घेतलेली मुलगी पुष्कळ पुस्तकांवर असते. पण दरबाराचा कारभार खंजिरावर चालत नाही. तो शिक्क्यावर, खजिन्यावर, किल्ल्याच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत यावर आणि कोणाचे पत्र वाटेत कोण फोडून वाचतो यावर चालतो. हे जिला कळते, ती नायिका मला कणखर वाटते. अशी नायिका वाचताना मुलीसुद्धा पान उलटण्याऐवजी मागे जाऊन, हा मंत्री त्या प्रसंगी गप्प का बसला होता, ते शोधू लागतात.

या कसोटीला सर्वांत चांगली उतरणारी कादंबरी म्हणजे मेगन व्हेलन टर्नर यांची ‘द क्वीन ऑफ अ‍ॅटोलिया’. ती २००० साली आली आणि मालिकेतला तो दुसरा भाग आहे. पहिला ‘द थीफ’ १९९६ चा. तीन लहान राज्ये एकमेकांशी भांडत आहेत आणि त्यांच्यावर एका बलाढ्य साम्राज्याचा डोळा आहे, अशी ही मांडणी आहे. अ‍ॅटोलियाची राणी लग्नाआधी भावी सासरी राहत असते. तिथे ती खाली मान घालून हातातले काम करत बसते, आणि ही मुकी मुलगी काय ऐकणार अशा समजुतीने पुरुष तिच्यासमोर राज्य बळकावण्याच्या मसलती करत राहतात. ती सगळे ऐकते आणि राज्य कसे चालवतात ते त्यांच्याकडूनच शिकते. पुढे साम्राज्याचा राजदूत तिला रूपाची भुकेली, भोळी बाई समजून स्तुतीने जिंकू पाहतो, तेव्हा तीही त्याला तसे समजू देते. ही राणी क्रूर आहे. कादंबरीच्या सुरुवातीलाच ती एका चोराचा हात तोडण्याची शिक्षा देते, आणि लेखिका तिला त्या कृत्याच्या ओझ्यातून सहज सुटू देत नाही. आमच्याकडे एका मुलीने तो प्रसंग वाचून पुस्तक मिटले आणि आठवड्याने तेच पुढे वाचायला मागितले. आपल्या मुलीला आधी ‘द थीफ’ द्यावे. त्याची सुरुवात संथ आहे, तरी तिने धीर धरावा. कारण शेवटच्या काही प्रकरणांत सगळे आधीचे प्रसंग नव्या अर्थाने उलगडतात.

हॉली ब्लॅक यांची ‘द क्रूएल प्रिन्स’ (२०१८) बहुधा तिने वाचली असेल. तिच्यातली एक युक्ती मला फार आवडते. यक्षपऱ्यांसारख्या त्या अमानवी लोकांना खोटे बोलताच येत नाही. म्हणून ते शब्द असे फिरवून वापरतात की खऱ्या वाक्यातूनच फसवणूक व्हावी. त्यांच्या दरबारात वाढलेली ज्यूड ही साधी मानवी मुलगी आहे. तिच्याजवळ जादू नाही, पण तिला खोटे बोलता येते, आणि हेर म्हणून तिची किंमत त्यातूनच ठरते. एका नियमातून सगळे राजकारण उभे करणे ही मोठी कारागिरी आहे. यात छळाचे आणि रक्तपाताचे प्रसंग आहेत. १४ व्या वर्षी ते चालतील, मात्र आपण स्वतः एकदा वाचून घ्यावे असे सुचवते.

क्रिस्टिन कॅशोर यांची ‘बिटरब्लू’ (२०१२) मात्र मी १६ वर्षांपर्यंत थांबवेन. बिटरब्लू हे तिच्यातल्या तरुण राणीचे नाव. या राणीचा बाप, म्हणजे आधीचा राजा, लोकांच्या मनावर ताबा मिळवून त्यांच्याकडून भयंकर कृत्ये करवून घेणारा होता, आणि त्या अत्याचारांच्या आठवणी पुस्तकभर पसरल्या आहेत. तरीही दरबारी कारभाराचे इतके खरे चित्र मी या प्रकारात दुसरीकडे पाहिलेले नाही. १८ वर्षांच्या या राणीपुढे सल्लागार कागदांचा ढीग लावत राहतात, म्हणजे तिला खिडकीबाहेर पाहायला सवड मिळू नये. ती रात्री वेष बदलून शहरात फिरते, तेव्हा तिला कळते की कागदावरची प्रजा आणि रस्त्यावरची प्रजा वेगळी आहे. सगळे साक्षर आहेत असे जिथे सांगितले जात होते, तिथे अनेकांना वाचताच येत नाही. मुंबईत कोणत्याही कचेरीच्या खिडकीपुढे उभे राहिलेल्या मुलीला हे समजावून सांगावे लागत नाही.

भारतीय वळणाचे काही हवे असेल, तर रोशनी चोक्शी यांची ‘द स्टार-टच्ड क्वीन’ (२०१६) आहे. वाईट पत्रिकेमुळे राजवाड्यात सगळ्यांनी दूर ठेवलेली राजकन्या माया तिची नायिका आहे. भाषा अलंकारिक, सुंदर. पण कारस्थानापेक्षा पुराणकथा आणि प्रेम यांना तिथे जास्त जागा आहे, एवढे सांगून ठेवते. आणखी एका लोकप्रिय मालिकेबद्दल पालक हमखास विचारतात, ती म्हणजे सारा जे. मास यांची ‘थ्रोन ऑफ ग्लास’. पहिला भाग (२०१२) चालण्यासारखा आहे, पण पुढचे भाग प्रौढ वाचकांकडे झुकत जातात.

आता मराठीविषयी. किशोरवयीन मुलींसाठी खास लिहिलेली, दरबारी राजकारणाची अद्भुत कादंबरी मराठीत विपुल आहे असे मला म्हणता येत नाही, आणि ही उणीव मला मनापासून सलते. पण ज्या इतिहासातून अशा वीस कादंबऱ्या निघाव्यात, तो आपल्या दाराशी आहे. मी मुलींना महाराणी ताराबाईंची हकिकत सांगते, तेव्हा कोणी उठून पाणी प्यायलाही जात नाही.

मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले, तेव्हा ताराबाई सुमारे २५ वर्षांच्या होत्या. औरंगजेब स्वतः दक्षिणेत तळ ठोकून बसला होता. आपल्या लहान मुलाला गादीवर बसवून त्यांनी ७ वर्षे कारभार आणि युद्ध दोन्ही चालवले. त्यांच्या हुशारीची आणि सरदारांची मने वळवण्याच्या हातोटीची नोंद खाफीखान या मोगल इतिहासकारानेही केली आहे. १७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि मोगलांनी कैदेतल्या शाहूंना, म्हणजे संभाजी महाराजांच्या मुलाला, सोडले. ताराबाईंनी जाहीर केले की, हा तोतया आहे. सरदारांना तो खरा वाटला, आणि एकेक करून ते तिकडे गेले. १७१४ मध्ये सवत राजसबाईंनी डाव उलटवून ताराबाईंना मुलासह पन्हाळ्यावर कैदेत टाकले.

एखाद्या कादंबरीकाराने इथे पुस्तक संपवले असते. पण १७४९ मध्ये शाहू महाराज निपुत्रिक वारले आणि सत्तरी ओलांडलेल्या ताराबाई पुन्हा पटावर आल्या: लपवून वाढवलेला आपला नातू म्हणून त्यांनी रामराजांना पुढे केले. रामराजे छत्रपती झाले, आणि ते पेशव्यांच्या बाजूने झुकताहेत असे दिसताच १७५० मध्ये ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले. पुढे १७५२ मध्ये जेजुरीच्या खंडोबापुढे त्यांनी शपथेवर सांगितले की, हा माझा नातू नाहीच. ज्या बाईने एका खऱ्या वारसाला तोतया म्हटले, तिनेच स्वतः आणलेल्या वारसाला तोतया ठरवले! यातले खरे काय होते, यावर आमच्याकडे दोन शनिवार वाद चालला होता. एक मुलगी म्हणाली, ‘काकू, ती राणी प्रत्येक वेळी एकच प्रश्न सोडवत होती, कागदावर सही कोणाची चालणार?’ मला याहून चांगले उत्तर सुचले नाही.

ही हकिकत गो. स. सरदेसाई यांच्या ‘मराठी रियासत’मध्ये विस्ताराने आहे. भाषा जुनी आहे, म्हणून आपण दोघींनी मिळून ताराबाईंची प्रकरणे तेवढी वाचावीत. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयात अशा ग्रंथांची चौकशी करता येईल. त्यानंतर शाहूंच्या आई येसूबाईंकडे वळावे: १६८९ मध्ये रायगडाला वेढा पडलेला असताना त्यांनी राजाराम महाराजांना गडाबाहेर काढले, स्वतः मुलासह मोगलांच्या हाती पडल्या आणि १७१९ पर्यंत त्यांच्या ताब्यात राहिल्या. इंग्रजी पुस्तके मात्र नवी कोरी घेण्याची घाई करू नये. माटुंग्याच्या महेश्वरी उद्यानाजवळ आणि हुतात्मा चौकाच्या पदपथावर जुन्या पुस्तकांत यांतली काही सापडतात. मालिकेचा मधलाच भाग हाती लागला, तर पहिला मिळेपर्यंत तो तिच्या नजरेआड ठेवावा.