नळी मावसभावाच्या लेथवर, परवाना तुमच्या नावावर

प्रश्न: निफाड तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे. वडिलांची एकनळी बारा बोअर बंदूक त्यांच्यामागे रीतसर माझ्या परवान्यावर आली. नळी ३० इंची, चाप ढिला, दस्त्याला चीर. रात्री पाणी भरायला जाताना बिबट्याची धास्ती असते आणि एवढी लांब बंदूक वेलींच्या ओळींत फिरवता येत नाही. अंबडला मावसभावाचं लेथचं वर्कशॉप आहे. तो नळी १८ इंच करून देतो म्हणाला, चापही बघणार आहे. आठवडाभर नळी त्याच्याकडेच आहे, खडूने खूणही केली आहे. बंदूकवाला पैसेही घेतो आणि महिनाभर लटकवतोही. मग घरच्या घरी केलं तर काय बिघडलं?

उत्तर: आधी मावसभावाला फोन करा आणि लेथ थांबवा. बाकीचं नंतर वाचा.

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये बंदुकीचे सुटे भागही ‘बंदूक’च धरले आहेत. त्यामुळे ती नुसती नळीसुद्धा त्याच्याकडे विनापरवाना शस्त्र ठरते. कलम ३ मध्ये एक सवलत आहे: परवानाधारक सोबत असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर दुरुस्तीसाठी दुसऱ्याने बंदूक नेली तरी चालते. पण ही सवलत नेण्यापुरती आहे, वर्कशॉपच्या कपाटात आठवडाभर ठेवून घ्यायला नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याला किमान २ वर्षं, कमाल ५ वर्षं कैद आहे. तुम्हाला मदत करायला निघालेला भाऊ पहिला अडकेल. मूळ परवाना खिशात ठेवून तुम्ही स्वतः जा आणि नळी घेऊन या. टेम्पोवाल्याच्या हाती मागवू नका.

आता कापण्याचं. नळी आखूड करायला कलम ६ खाली वेगळा परवाना लागतो. तो तुमच्याकडे नाही, भावाकडेही नाही. शिवाय संरक्षणासाठी साध्या नळीच्या (म्हणजे आतून गुळगुळीत, तुमच्या बारा बोअरसारख्या) बंदुकीचा जो परवाना कायद्यात सांगितला आहे, तो नळी किमान २० इंच असेल तरच. म्हणजे १८ इंचावर कापलीत की तुमच्या परवान्यातली बंदूक घरात उरतच नाही, दुसरीच उरते. विनापरवाना नळी आखूड करण्याला ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. परवानाधारक कारागिरालाही ‘एवढं कापून द्या’ म्हणू नका. तयार झालाच, तर त्याच्या दुकानातून उठा.

चापाची दुरुस्ती कलम ५ मध्ये येते. दुरुस्तीचा परवाना असलेल्याकडूनच ती करून घ्या; विनापरवाना दुरुस्तीलाही तीच ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे. (तेलपाणी, नळीतून फडकं फिरवणं ही दुरुस्ती नव्हे, ते खुशाल घरी करा.) दस्ता लाकडाचा म्हणून गावातल्या सुताराकडे टाकावासा वाटेल, पण तोही त्याच कारागिराकडून होऊ द्या. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, तारीख आणि काय केलं ते लिहून घ्या. त्याचा परवाना पाहायला मागा, त्यात संकोच कसला? आणि गंज काढताना नळीवरचा क्रमांक घासला जाऊ देऊ नका. क्रमांक पुसलेली बंदूक सापडली तर तो तुम्हीच पुसला असं कायदा गृहीत धरतो, उलट सिद्ध करणं तुमच्यावर येतं.

महिनाभर थांबावं लागतं, ही तुमची तक्रार खरी आहे. जवळचा परवानाधारक दुरुस्तीवाला कोण, हे जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याच्या टेबलावर विचारा. निफाड ग्रामीण भागात असल्याने तुमचा परवानाही त्यांच्याकडचाच. नाशिक शहरात असता तर पोलीस आयुक्तांकडे जावं लागलं असतं.

बिबट्याबद्दल. जीव वाचवताना सद्भावनेने वन्यप्राणी मारला गेला तर वन्यजीव अधिनियम, १९७२ च्या कलम ११ खाली तो गुन्हा नाही. पण पंचनाम्यात कापलेली नळी निघाली, तर बिबट्याचं प्रकरण सुटूनही शस्त्राचं अंगावर राहील. आणि नळीच्या तोंडाशी असलेला चिंचोळेपणा, ज्याने छर्रे लांबवर एकत्र राहतात, तो बहुधा त्या १२ इंचांबरोबरच जाईल. रात्री पाण्याला जाताना सोबत एक माणूस आणि जोरदार बॅटरी न्या. बिबट्या वारंवार दिसत असेल तर वन विभागाकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.